लिहिलेले सापडायलाही हवे

शंकर गणेश दाते हे नाव आज मराठी वाचकांपैकी फारच थोड्यांच्या स्मरणात असेल. १८०० ते १९३७ या काळात प्रसिद्ध झालेल्या मराठी ग्रंथांची सूची त्यांनी सिद्ध केली. कवीला दाद मिळते, नाटककाराला टाळ्या मिळतात. सूचिकाराच्या वाट्याला यांपैकी काहीच येत नाही. तरीही मराठी ग्रंथव्यवहाराचा अभ्यास करू पाहणाऱ्याला दाते यांच्या दारावरून पुढे जाता येत नाही. ग्रंथ असणे ही एक गोष्ट आणि हवा तेव्हा तो सापडणे ही दुसरी, हेच या सूचीमागचे सूत्र होय. कपाटात आहे पण सूचीत नाही, असा ग्रंथ वाचकाच्या लेखी नसल्यातच जमा असतो.

आज सूचीची जागा शोधयंत्राने घेतली आहे. गूगल, बिंग यांसारख्या शोधयंत्रांच्या चौकटीत चार शब्द टंकायचे आणि समोर येणाऱ्या यादीतील पहिल्या तीन-चार नोंदी उघडून पाहायच्या, ही आता विद्यार्थ्यापासून प्राध्यापकापर्यंत आणि शेतकऱ्यापासून मंत्रालयातील अधिकाऱ्यापर्यंत सर्वांचीच सवय झाली आहे. यादीच्या दुसऱ्या पानापर्यंत जाणारे विरळाच. म्हणजे जे पहिल्या पानावर आले नाही, ते बहुतेकांच्या लेखी अस्तित्वातच नाही. २०११च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणाऱ्यांची संख्या ८ कोटी ३० लाखांच्या घरात आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आपण सर्वांनी आनंद साजरा केला. तो रास्तच होता. परंतु अभिजात भाषेतील ज्ञान शोधू जाणाऱ्याला सापडत नसेल, तर त्या दर्जाचा उपयोग काय, हा प्रश्नही तितकाच रास्त आहे.

एक उदाहरण घेऊ. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याची साक्ष देणाऱ्या बारा किल्ल्यांचा समावेश जागतिक वारसा यादीत केला. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे महाराष्ट्रातील अकरा आणि तामिळनाडूतील जिंजी असे हे बारा दुर्ग. साहजिकच या नावांविषयीचे कुतूहल वाढले. या किल्ल्यांवर गेली शंभर वर्षे मराठीत किती लिहिले गेले आहे! इतिहास संशोधकांनी कागदपत्रे धुंडाळली, गिर्यारोहण संस्थांनी वाटा शोधल्या, गावोगावच्या मंडळांनी स्मरणिका काढल्या, दिवाळी अंकांनी लेख छापले. पण नववीतला एखादा विद्यार्थी साल्हेरची माहिती शोधायला बसला, तर या साऱ्या संचितातले त्याच्यापर्यंत किती पोहोचते? बहुधा त्याच्यासमोर येतो तो एकमेकांवरून उतरवून काढलेला, सनावळ्यांची सरमिसळ केलेला मजकूर. ज्याने अभ्यास केला त्याचे लेखन दिसत नाही आणि ज्याने नुसतीच नक्कल केली त्याचे दिसते. यात शोधयंत्राचा पक्षपात आहे, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु दोषाचा मोठा वाटा आपल्याकडे येतो. आपण लिहिले, मात्र सापडेल असे लिहिले नाही, सापडेल असे ठेवलेही नाही.

शोधयंत्र पाहते कसे?

शोधयंत्राचे काम तीन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात त्याचे स्वयंचलित दूत एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर असे महाजालभर फिरत असतात. दुसऱ्या टप्प्यात सापडलेल्या पानांवरील शब्दांची भलीमोठी सूची तयार होते. तिसऱ्या टप्प्यात, कोणी काही विचारले की त्या सूचीतून योग्य पाने निवडून त्यांचा क्रम लावला जातो. १९९८ साली लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन तरुणांनी गूगलची स्थापना केली, तेव्हा क्रम लावण्यामागची त्यांची कल्पना विद्वानांच्या जगातलीच होती. ज्या शोधनिबंधाचा संदर्भ इतर अभ्यासक वारंवार देतात तो महत्त्वाचा मानावा. त्याच न्यायाने ज्या पानाकडे इतर पाने दुवे देतात ते वजनदार समजावे, आणि दुवा देणारे पान स्वतःच वजनदार असेल तर त्याच्या दुव्याला अधिक किंमत द्यावी. पुढे या हिशेबात अनेक गोष्टींची भर पडली. पान किती लवकर उघडते, मोबाइलवर नीट वाचता येते का, विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तिथे खरोखर आहे का, अशा कसोट्या आल्या. जाहिरातींच्या जागा पैसे देऊन मिळतात, त्या वेगळ्या. मूळ यादीतील क्रम विकत मिळत नाही, असे गूगल स्वतःच सांगते.

या सर्वांत ध्यानी घेण्याजोगी गोष्ट अशी, की यंत्र पान माणसासारखे पाहत नाही. पानाच्या मांडणीचे सौंदर्य, शीर्षचित्राची भव्यता, अक्षरांची वळणे यांच्याशी त्याला कर्तव्य नसते. त्याला हवा असतो वाचता येईल असा मजकूर. आणि मराठीचे पहिले दुखणे नेमके इथेच आहे.

अक्षर दिसते, पण वाचता येत नाही

संगणकावर मराठी आली तेव्हा प्रत्येकाने आपापल्या सोयीचे टंक म्हणजे फाँट वापरले. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, सुरेख, कृतिदेव ही नावे छपाईच्या व्यवसायातील प्रत्येकाला ठाऊक आहेत. त्यांनी मराठी मुद्रणाची मोठी सेवा केली, हे कृतज्ञतेने मान्य केलेच पाहिजे. परंतु या जुन्या टंकांमागची युक्ती अशी होती, की संगणकाच्या पोटात साठवली जात ती रोमन अक्षरांची चिन्हे आणि पडद्यावर त्यांच्या अंगावर देवनागरीचा पोशाख चढवला जाई. कागदावर छापायचे असेल तोवर यात काहीच बिघडत नव्हते. पण शोधयंत्र पोशाख पाहत नाही, आतला माणूस पाहते. त्याला 'शिवाजी महाराज' दिसतच नाहीत. दिसते ती रोमन अक्षरांची निरर्थक गिचमीड.

यावरील उपाय युनिकोड. १९९१ साली आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासूनच देवनागरीला त्यात स्वतंत्र जागा मिळाली आहे. 'क'चा संकेतांक जगातील प्रत्येक संगणकावर, प्रत्येक मोबाइलवर 'क'च राहतो. विंडोज २०००पासून सर्वसामान्य संगणकांवरही देवनागरी युनिकोडची सोय आली. आज मोबाइलवर आपण जे मराठी टंकतो ते युनिकोडच असते. तरीही अनेक संस्थांचे अंक, अहवाल, स्मरणिका अजून जुन्या टंकांतच अक्षरजुळणी होऊन बाहेर पडतात आणि त्यांची पीडीएफ प्रत जशीच्या तशी संकेतस्थळावर चढवली जाते. ती प्रत डोळ्यांना निर्दोष दिसते, म्हणून सारे निर्धास्त असतात. एक साधी परीक्षा करून पाहावी. त्या पीडीएफमधील एक ओळ निवडून तिची नक्कल मोबाइलवरील निरोपात उतरवावी. मराठी उमटली तर उत्तम. गिचमीड उमटली, तर शोधयंत्रालाही बहुधा तीच दिसते, असे खुशाल समजावे. जुन्या टंकातील मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधने उपलब्ध आहेत. बदललेला मजकूर एकदा डोळ्यांखालून घालावा लागतो, इतकाच काय तो श्रम.

याहून वाईट गत चित्ररूपात टाकलेल्या मजकुराची होते. कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका, मान्यवरांच्या भाषणाचा सारांश, मंदिराच्या उत्सवाचे वेळापत्रक, हे सारे एका सुबक चित्रात बसवून प्रसिद्ध केले जाते. छायाचित्रांतील अक्षरे ओळखण्याचे तंत्र आता पुष्कळ सुधारले आहे, पण त्याच्या भरवशावर आपले ज्ञानधन सोडणे शहाणपणाचे नाही. चित्र अवश्य द्यावे. त्याखाली तोच मजकूर अक्षरांतही द्यावा. प्रत्येक छायाचित्राला वर्णनाची एक ओळ जोडण्याची सोय असते. 'छायाचित्र क्रमांक ७' असे न लिहिता 'साल्हेर किल्ल्यावरील परशुराम मंदिर' असे तिथे लिहावे. शोधयंत्राला ते कळते आणि दृष्टिहीन वाचकाच्या यंत्रालाही ते वाचून दाखवता येते.

युनिकोडमध्येही मराठीच्या काही खास खाचखळगे आहेत. 'दऱ्या', 'वाऱ्यावर' या शब्दांतील अर्धा र दोन निरनिराळ्या रीतींनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राच्या लेखी मात्र त्या दोन वेगळ्या अक्षरमालिका असतात. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली. त्याआधी आणि त्यानंतरही अनेकजण 'अ'वर चंद्र देऊन काम भागवत आले. शोधयंत्रे असे भेद काही प्रमाणात सांभाळून घेतात, परंतु आपल्या संकेतस्थळाच्या स्वतःच्या शोधचौकटीला ते जमेलच असे नाही. प्रत्येक संस्थेने एक रीत ठरवून ती पाळणे, हाच सोपा मार्ग.

मथळ्याचे वळण बदलावे लागेल

दुसरे दुखणे मथळ्यांचे. आमच्या पिढीच्या पत्रकारांना मथळा म्हणजे लेखाचा मुकुट असे शिकवले गेले. तो सूचक असावा, थोडा कोड्यात बोलावा, वाचकाला आत खेचावा. छापील अंकात हे शोभते. कारण तिथे वाचकाच्या हातात पूर्ण पान असते, शेजारी छायाचित्र असते, वर सदराचे नाव असते. शोधयंत्राच्या यादीत यांपैकी काहीच नसते. तिथे मथळा एकटाच उभा असतो. साल्हेरवरील उत्तम लेखाला 'बागलाणचा पहारेकरी' असा मथळा दिला, तर साल्हेर शोधणाऱ्याला तो आपल्यासाठी आहे हे कळणार कसे? 'साल्हेर : १६७२ची लढाई आणि महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला' असे म्हटले की शोधणाऱ्यालाही कळते आणि यंत्रालाही. लालित्य सोडावे असे नाही. ते उपमथळ्यात ठेवावे, पहिल्या परिच्छेदात ठेवावे. लेख कशाविषयी आहे ते मात्र मथळ्याने सरळ सांगावे.

प्रत्येक पानाला एक आतले शीर्षक असते. यादीत ठळक दिसणारी ओळ बहुधा त्यावरूनच घेतली जाते. असंख्य मराठी संकेतस्थळांच्या प्रत्येक पानावर हे शीर्षक एकच असते, ते म्हणजे संस्थेचे नाव. कित्येकदा तेही इंग्रजीत. शंभर पानांच्या ग्रंथातील प्रत्येक प्रकरणाला एकच नाव द्यावे, तसा हा प्रकार झाला. प्रत्येक पानाचे शीर्षक वेगळे असावे, मराठीत असावे आणि महत्त्वाचे शब्द त्यात आधी यावेत, कारण लांब शीर्षक यादीत मध्येच तोडले जाते. शीर्षकाखाली दोन ओळींचे वर्णन देण्याचीही सोय असते. ते दिले नाही, किंवा यंत्राला पटले नाही, तर यंत्र पानातील हाती लागेल तो तुकडा उचलून दाखवते. लेखाच्या आत उपशीर्षके द्यावीत, तीही नुसत्या ठळक अक्षरांत न देता उपशीर्षक म्हणून नोंदवावीत.

मराठीचा स्वभाव आणि शोध

तिसरी गोष्ट खास आपल्या भाषेची आहे, आणि ती समजण्यासाठी संगणक नव्हे तर व्याकरण यावे लागते. मराठीत विभक्तिप्रत्यय लागताना शब्दाचे सामान्यरूप होते. 'देऊळ'चे 'देवळात', 'पाऊस'चे 'पावसाने'. लेखात सर्वत्र 'देवळात', 'देवळाचा', 'देवळापाशी' असेच आले आणि 'देऊळ' हा मूळ शब्द एकदाही आला नाही, तर 'देऊळ' शोधणाऱ्याच्या यादीतून तो लेख निसटण्याचा संभव असतो. इंग्रजी शब्दांची निरनिराळी रूपे यंत्रे कधीच ओळखू लागली. मराठीच्या बाबतीत तितका भरवसा धरता येत नाही. म्हणून विषयाचा मूळ शब्द मथळ्यात आणि पहिल्या परिच्छेदात त्याच्या मूळ रूपात यावा.

जुन्या ग्रंथांचा प्रश्न याहून नाजूक आहे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२मध्ये आले आणि १९७२मध्ये त्यांत आणखी भर पडली. त्यापूर्वीच्या छपाईत 'नांव', 'कांहीं', 'घरीं' अशी सानुस्वार रूपे सर्रास आढळतात. असे ग्रंथ महाजालावर आणताना मूळ लेखनाला हात लावणे हा अपराधच ठरेल. पण आरंभी आजच्या लेखनपद्धतीत चार ओळींची प्रस्तावना आणि विषयसूची जोडली, तर मूळ पाठही अबाधित राहतो आणि आजच्या वाचकालाही ग्रंथ सापडतो.

गावांच्या नावांचेही तसेच. २०२३मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, २०२४मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. उद्याचा विद्यार्थी नव्या नावानेच शोध घेईल. परंतु दीड-दोनशे वर्षांची कागदपत्रे, गॅझेटियर, शोधनिबंध जुन्या नावाने नोंदलेले आहेत. नवे नाव मथळ्यात आणि जुने नाव मजकुरात एकदा स्पष्टपणे, एवढी काळजी घेतली तर दोन्ही पिढ्यांची गाठ पडेल. पन्हाळा आणि पन्हाळगड अशा जोडनावांनाही हाच न्याय लावावा. अनेक मराठी माणसे, विशेषतः परदेशात वाढलेली मुले, मराठी शब्द रोमन अक्षरांत टंकून शोधतात. त्यांच्यासाठी मुख्य नावाचे रोमन रूप एकदा दिले तर बिघडत नाही.

दुव्यांच्या बाबतीतही आपण कृपण आहोत. एक मराठी संकेतस्थळ दुसऱ्याचा मजकूर बिनदिक्कत उचलते, पण त्याला दुवा देत नाही. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा ज्ञानकोश महाजालावर आहे, मराठी विश्वकोश आहे, मोल्सवर्थचा शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. आपल्या लेखात त्यांचा आधार घेतला असेल तर दुवा द्यावा. तोही 'येथे टिचकी मारा' अशा मुक्या शब्दांवर नव्हे, तर विषय सांगणाऱ्या शब्दांवर. दुवा देणे म्हणजे ऋण मान्य करणे. मराठी संस्थांनी एकमेकांना असे दुवे दिले, तर सर्वांचेच वजन वाढेल. सहकाराची परंपरा सांगणाऱ्या महाराष्ट्राला हे शिकवायला नको.

आडवाटेचा मोह नको

या साऱ्याला इंग्रजीत सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, थोडक्यात एसईओ म्हणतात. त्या नावाखाली मोठा बाजारही उभा राहिला आहे. 'महिन्याभरात पहिल्या क्रमांकाची हमी' देणारे दूरध्वनी संस्थाचालकांना येतात आणि भाबडेपणाने पैसे मोजले जातात. अशी हमी कोणीही देऊ शकत नाही, हे गूगलनेच आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट केले आहे. पानाच्या आत शोधशब्दांची गुप्त यादी भरली की काम झाले, असे सांगणारे आजही भेटतात. त्या यादीचा क्रमवारीसाठी आपण विचार करत नाही, असे गूगलने २००९मध्येच जाहीर केले होते.

आडवाटेने गेलेल्या बड्यांचीही गत काय झाली, ते पाहण्याजोगे आहे. वाचकाला एक आणि यंत्राला दुसरेच पान दाखवल्याबद्दल बीएमडब्ल्यू या मोटार कंपनीचे जर्मनीतील संकेतस्थळ फेब्रुवारी २००६मध्ये गूगलने आपल्या सूचीतून काढून टाकले होते. २०११मध्ये जे. सी. पेनी या अमेरिकी दुकानसाखळीचा विकतच्या दुव्यांचा प्रकार न्यूयॉर्क टाइम्सने उघडकीस आणला आणि ती कंपनी यादीत एकदम खाली घसरली. बीएमडब्ल्यूला परतता आले. सांगलीच्या एखाद्या ग्रंथालयाच्या किंवा रत्नागिरीच्या एखाद्या शाळेच्या नावाला बट्टा लागला, तर तो पुसायला कोण बसणार? सूची करणे आणि फसवणूक करणे यांतील भेद आपल्या माणसांना सांगावा लागू नये. कसोटी सोपी आहे. शोधयंत्र नसतेच तरी ही गोष्ट आपण वाचकाच्या सोयीसाठी केली असती का? उत्तर 'होय' असेल, तर ती निःशंकपणे करावी.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा, की हा सारा बाजारूपणा आहे. सकस लिहावे, वाचक आपोआप येतील. हे ऐकायला उदात्त वाटते. पण मग ग्रंथाला अनुक्रमणिका कशाला, शब्दसूची कशाला, दुकानावर पाटी तरी कशाला? सकस लेखनाला पाटी लावण्याने उणेपणा येत नाही. उलट सकस लेखन अंधारात राहिले की त्याची जागा निकस लेखन घेते. रिकामी जागा रिकामी राहत नाही, हा समाजाचा नियम महाजालालाही लागू आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एका परदेशी कंपनीने ठरवलेल्या नियमांपुढे आपण का वाकावे? स्वाभिमानाचा हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. पण वर सांगितलेल्या गोष्टी पुन्हा पाहा. युनिकोड, नेमका मथळा, मूळ शब्द, वर्णन, परस्परांना दुवे, यांतील एकही गोष्ट कोणा कंपनीच्या मालकीची नाही. उद्या एखादे भारतीय शोधयंत्र नावारूपाला आले, तरी त्यालाही हेच लागेल. खरे परावलंबन वेगळ्याच ठिकाणी आहे. आपले बहुतांश ताजे मराठी लेखन आज फेसबुकच्या भिंतीवर आणि व्हॉट्सॲपच्या गटांत वाहून जाते. सकाळी हजारोंनी वाचलेला सुंदर लेख आठवड्याने लेखकालाही सापडत नाही. व्हॉट्सॲपच्या बंद गटातील मजकुरापर्यंत कोणतेही शोधयंत्र पोहोचत नाही, आणि लेखकाचे नाव तर तिसऱ्याच अग्रेषणात गळून पडते. स्वतःच्या नावाच्या पत्त्यावर, स्वतःच्या संकेतस्थळावर लेखन ठेवणे हाच स्वाभिमानाचा मार्ग आहे. २०१४पासून 'भारत' हा शब्द देवनागरीत असलेला पत्ताही मिळू शकतो. समाजमाध्यमांवर जावे ते निमंत्रण द्यायला. मुक्काम आपल्या घरीच असावा.

या विषयाला आता आणखी एक धार आली आहे. ऑगस्ट २०२४पासून गूगलने भारतात इंग्रजी आणि हिंदीत यादीच्या वर कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेले सारांशरूप उत्तर दाखवायला आरंभ केला. अशी उत्तरे रचणाऱ्या यंत्रांना जे वाचता येते त्यातूनच ती रचली जातात. मराठी मजकूर वाचता येण्याजोगा नसेल, तर महाराष्ट्राविषयीच्या प्रश्नाचे उत्तरही दुसऱ्यांच्या लेखनातून, दुसऱ्यांच्या दृष्टीने तयार होईल. पूर्वी आपले पान निदान पाचव्या पानावर तरी पडून असे. आता प्रश्न विचारणारा यादीपर्यंतही येईल की नाही, याची शाश्वती नाही. आज आपण काय वाचनीय करून ठेवतो, यावर उद्याची उत्तरे ठरणार आहेत.

मग करायचे काय? फार मोठा निधी, परदेशी सल्लागार, यांची गरज नाही. प्रत्येक ग्रंथालयाने, शिक्षणसंस्थेने, इतिहास मंडळाने, देवस्थानाने एका जाणत्या व्यक्तीकडे हे काम सोपवावे. ती व्यक्ती संगणकतज्ज्ञ नसली तरी चालेल. मराठी नीट येणारी आणि चिकाटीची असली पाहिजे. निवृत्त शिक्षकांइतके योग्य कोण असेल? त्यांनी आधी गूगलचे 'सर्च कन्सोल' हे विनामूल्य साधन आपल्या संकेतस्थळाला जोडून घ्यावे. लोक कोणते शब्द टंकून आपल्यापर्यंत येतात, कोणती पाने सूचीत आहेत, कोणती नाहीत, हे त्यात दिसते. मग जुन्या टंकातील मजकूर युनिकोडमध्ये आणावा, शीर्षके सुधारावीत, चित्रांना ओळी जोडाव्यात, पत्ता-दूरध्वनी-वेळा अचूक कराव्यात. रोज एक पान सुधारले तरी वर्षाकाठी साडेतीनशेहून अधिक पाने होतात. संस्थांच्या वार्षिक अहवालात 'यंदा किती अंक छापले' या आकड्याशेजारी 'यंदा किती पाने शोधता येण्याजोगी केली' हाही आकडा यायला हवा.

आधीच्या पिढ्यांनी हालअपेष्टा सोसून लिहिले, छापले, जपले. ते लेखन आपल्याला नव्याने लिहायचे नाही. ते वाचता येईल अशा अक्षरांत, ओळखता येईल अशा मथळ्याखाली, कोणालाही उघडता येईल अशा पत्त्यावर ठेवायचे आहे, एवढेच आपल्या वाट्याचे काम. एवढेही आपल्याकडून झाले नाही, तर साल्हेर शोधणारी मुले आपल्या कपाटांशेजारून जातील आणि भलत्याच दारात जाऊन विचारतील. त्यांना दोष देण्याचा अधिकार तेव्हा आपल्याला उरलेला नसेल.